तिसऱ्या दालनातलं मीठ

लग्न जमिनीखाली आहे, असं इलिंकानं फोनवर सांगितलं
तेव्हा मी विचारलं, किती खाली?
एकशे बारा मीटर, ती म्हणाली,
आणि नवऱ्या मुलाची आई लिफ्टला घाबरते.

याआधी मी दीपगृहाच्या जिन्यावर लग्न टिपलंय,
धबधब्यामागच्या कपारीत, जिथे पाद्र्याचा एक शब्दही
कुणाच्या कानी पडला नाही,
आणि गोठलेल्या तळ्यावर, जिथे करवल्या
आळीपाळीनं एकाच शेकोटीपाशी पाय शेकत होत्या.
अशा जागी माणसं चवीपुरतीच उरतात.
बाकी सगळा देखावा.

जुलै होता. वर ट्रान्सिल्व्हेनियाचं ऊन, कापलेल्या गवताचा वास.
खाली बारा अंश, बारा महिने.
नवरीच्या उघड्या खांद्यांवर काटा आला,
तो मी सगळ्यात आधी टिपला.
भिंतींना काळेपांढरे पट्टे,
कुणी ओली चादर पिळून तशीच विसरून गेल्यासारखे.
फ्लॅश पडला की मीठ आतून उजळायचं
आणि क्षणभर उशिरा विझायचं.
निदान मला तसं वाटत राहिलं.

फादर ओविदिऊंनी दोघांच्या डोक्यांवर मुकुट ठेवले,
हाताला धरून टेबलाभोवती तीनदा फिरवलं.
पायाखालचं मीठही काचेसारखं घासलेलं.
तिबेरियू दुसऱ्या फेऱ्याला घसरला,
सगळे हसले, आणि ते हसू छतापर्यंत जाऊन
बऱ्याच वेळानं परत आलं,
म्हाताऱ्या आवाजात.

घरच्यांच्या फोटोत मधे एक जागा मोकळी ठेवायची होती.
आजोबा वर आहेत, तिकीटखिडकीजवळच्या बाकावर.
एकोणतीस वर्षं इथे काढली. आता उतरत नाहीत.
नंतर चिकटव त्यांना, इलिंका म्हणाली, जमतं ना?
जमतं.
सगळंच जमतं.

वर आले तर गाव्रिला आजोबा मांडीवर पाव घेऊन बसलेले,
पावावर भरतकामाचा रुमाल.
जरा इकडे बघा, मी म्हटलं.
त्यांनी विचारलं, टेबल कुठे मांडलं होतं?
तिसऱ्या दालनात, खांबाच्या अलीकडे.
तिथे रहाट होता, ते म्हणाले. घोडी फिरायची. रोइबा.
शिंगरू होती तेव्हा दोरांनी खाली सोडलेली.
पुन्हा वर नाही आली.
तीही अशीच, गोल गोल.
तिला मुकुट नव्हता.

तेवढ्यात इलिंका बाहेर आली, डोळे चोळत,
झग्याचा घोळ मिठानं पांढऱ्याहून पांढरा.
म्हातारा वाकला. घोळाचं टोक उचललं
आणि सासरकडच्या सगळ्या मंडळींदेखत
त्याला जीभ लावली.
तिसरंच, म्हणाला. पहिल्यातलं कडवट लागतं.

ती काही बोलली नाही.
रुमाल बाजूला सारून तिनं पाव मोडला,
तुकडा त्याच टोकावर घासला आणि खाल्ला.
दुसरा त्याच्या तोंडात घातला.
विहीणबाई, अजून लिफ्टमधून पांढऱ्याफटक,
तिसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे करून उभ्या.

आणि मी?
थंडीतून वर आणलेली माझी काच
उकाड्यात येताच दवानं भरली होती.
अकरा वेळा बटण दाबलं.
अकरा पांढरे चौकोन.

मोकळ्या जागेत आजोबांना चिकटवलं नाही.
उजेड जुळत नाही, असं कळवलं.
खोटं होतं. जुळला असता.

नोव्हेंबरात कॅमेऱ्याचं शटर अडकलं.
क्लुजचा दुरुस्तीवाला चष्मा कपाळावर चढवून,
चिमट्यात एक एवढासा स्क्रू धरून म्हणाला,
गंजलाय. समुद्रावर गेली होतीस का?

हो म्हटलं.