कंस

तीन मिलिमीटर.
एवढ्यासाठी पट्टा उडाला, बॉनेटखाली
चाबूक वाजला,
आणि तळमजल्याच्या ढवळीकर वहिनींनी
गॅस बंद करून खिडकी लावून घेतली.

इंजिन एस्टीमचं, कुर्ल्याच्या भंगारातलं.
आल्टरनेटर आठशेचा.
चासी माझी: चौकोनी पाइप, अडीच वर्षांचे रविवार,
माझगावच्या सोसायटीतली अकरा नंबरची पार्किंग.
तिघांची आपसात ओळख नाही.
ती करून द्यायला हवा एक तुकडा
जो कुठल्याच दुकानात मिळत नाही
कारण अशी गाडीच कुठे मिळत नाही.

शाळेत ब्रॅकेटला कंस म्हणायचे.
कंचेभागुबेव. आधी कंस सोडवा, मग बाकीचं,
देवस्थळी मास्तर डस्टर आपटून सांगत.
मी घाईत आधी बेरीज केली:
पाच मिलीची पट्टी, दोन भोकं,
आणि मधे वॉशरची चळत.

सिप्रियन अंकल, गोदीतून रिटायर झालेला टर्नर,
वॉशर तळहातावर घेऊन मोजतो. सात.
"म्हणजे माप चुकलंय हे तुला
सात वेळा कळलं होतं," म्हणतो.
बाकी काही नाही.

मग साचा. पुठ्ठा तेलाने भिजून लिबलिबीत होतो.
घरातून जुना एक्स-रे आणला,
शर्मिष्ठाचा डावा गुडघा, तीन वर्षांपूर्वीचा.
ती फिल्म ब्लॉकवर धरून
हातोडीच्या गोल डोक्याने अलगद ठोकत गेलो,
भोकांच्या कडा नखांसारख्या उमटल्या.
बिजागरीचा बोल्ट आला नेमका वाटीवर.
ताणाची चीर वर, केळीसारखी बाकदार,
मांडीच्या हाडाला छेदून.
ती चहा घेऊन खाली आली, उजेडाकडे धरून बघत राहिली.
"गाडीत तरी वळू दे," म्हणाली.

लोखंड दारूखान्यातलं. फोडलेल्या जहाजाची दहा मिलीची प्लेट,
एका बाजूला हिरव्या रंगाचे पोपडे
आणि पांढरं अर्धं अक्षर,
कुठल्या लिपीतलं कुणास ठाऊक.
किलोवर विकतात. गंजही वजनात धरतात.

सेक्रेटरी मणेरीकरांची नोटीस: दुपारी दोन ते चार यंत्रं बंद.
म्हणून दोन ते चार कानस.
कानशीला कुणाची हरकत नसते.
चीर तिनेच झाली, चार दुपारी,
बोट फिरवलं तर अडत नाही अशी.
अर्धं अक्षर त्यात गेलं.

सिप्रियनने खिशातून गरीचा दोरा काढला,
क्रँकच्या पुलीवरून पाण्याच्या पंपावर,
तिथून आल्टरनेटरवर ताणून धरला.
एक डोळा मिटून
इतका वेळ बघत राहिला
की मला वाटलं झोप लागली.
"हं."

काखेत एक त्रिकोण हवा, नाहीतर थरथरून तडकेल.
तो टाका त्याने मलाच मारायला लावला.
झाला वारुळासारखा. मी ग्राइंडर उचलला,
त्याने हात धरला.
"पकडतोय ना? मग राहू दे.
बॉनेटखाली कोण येतंय बघायला."

किल्ली फिरवली. लाल दिवा लागला,
बॅटरीचा, अडीच वर्षं ओळखीचा.
इंजिन धरलं, खोकलं, धरलं.
लाल दिवा
विझला.

आयुष्यात काही विझल्याचा
एवढा आनंद झालेला आठवत नाही.
मीटरवर चौदा पूर्णांक एक.

वरून कुणीतरी विचारलं, पासिंग होणार का हिचं?
नाही.
मग चालवणार कुठे?
फाटकापर्यंत. आणि परत.

सिप्रियनने स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
बेअरिंग ऐकलं, हात पुसले, मिस्साची वेळ झाली होती.
"अर्ध्या तासाने ताण परत बघ.
नवा पट्टा सैलावतो."

तेव्हापासून बसलोय मडगार्डवर,
इंजिन चालू,
शर्टाच्या खिशात सात वॉशर.
बावीस मिनिटं झालीत.