आडवं दार

बोटीचा रंग उरला की रोसामेल तो घरी आणतो.
गोदीतला मुकादम पाठ फिरवतो, एवढीच काय ती चोरी.
म्हणून वाल्पाराईसोच्या या टेकडीवर आमचं घर
पुढून निळं, मागून मालवाहू बोटीसारखं तांबडं
आणि संडासाची भिंत, सांगायला लाज वाटते,
आरमारी करडी.

यंदा सप्टेंबर लागला तसा म्हणाला,
सगळं एकाच महिन्यात उरकून टाकू.
पत्रे बदलू, स्वयंपाकघर हातभर वाढवू,
आईला ऐंशी पुरी होतायत, अठराचा सण आहे,
मिरेयाच्या बाळाचा बाप्तिस्मा,
माणसं येणारच, तर घर दिसू दे जरा.
मी विचारलं, आणि मी कुठं दिसू? या धुळीत?

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी म्हणते, पाहावं खरवडून.
पत्र्याखाली माती, मातीत पेंढा,
पेंढ्यात कुण्या गवंड्याची सिगारेट,
अर्धी ओढलेली, विझलेली,
इतकी वर्षं काडीची वाट बघत.

चार तारखेला सासूबाईंचा वाढदिवस
आणि टेबल पत्र्यांखाली गाडलेलं.
ओस्वाल्दो, माझा दीर, माप न घेता कापणारा माणूस,
त्यानं रस्त्याकडचं दारच बिजागऱ्यांतून उचकटलं
आणि दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं. झालं टेबल.
रंग आदल्या रात्रीचा,
वरून वाळलेला, आतून ओला.
मी ओरडेपर्यंत पेले ठेवून झाले होते.

चौकटीत मग चादर टांगली.
समुद्राचा वारा आला की चादर पाहुण्यासारखी आत यायची
आणि आमची कुत्री तिच्यावर भुंकायची.

अकरा तारखेला आमच्याकडे कुणी खिळा ठोकत नाही.
हातोडा सासूबाई उशाशी घेऊन बसतात.
मी नवी सून होते तेव्हा एकदाच म्हणाल्या होत्या,
दार वाजल्यासारखं वाटतं.
त्यांच्या भावाचं नाव मला शेजारणीनं सांगितलं, त्यांनी नाही.
ती रात्र त्या खुर्चीत काढतात, बूट न काढता.
यंदा मी पहाटे उठून पाहिलं,
चादर हलत होती, खुर्ची रिकामी,
बूट खाटेखाली, आणि सासूबाई चक्क घोरत होत्या.
कॉफी पिताना म्हणाल्या,
ठोठावायला दारच नव्हतं, नेलिदा.
मग पाव मोडला, लोणी मागितलं.

अठराला आम्ही नव्वद एम्पानादा केले.
कांदा चिरताना सगळ्यांनाच रडायची मुभा होती.
पोरं नव्या पत्र्यावर चढून पतंग उडवत होती,
रोसामेल खालून ओरडत होता, मुलांसाठी नाही, पत्र्यासाठी.
अर्ध्या बसवलेल्या फरशीवर ओस्वाल्दो रुमाल फिरवत क्वेका नाचला,
मध्येच जमीन हलली, छोटासा धक्का,
कुणी पेला सोडला नाही.

बाप्तिस्म्याला बाळ त्याच दारावर निजवलं,
एका बाजूला केक, एका बाजूला रंगाचे डबे.

तीस तारखेला दार परत उभं केलं.
आता त्याच्यावर तेवीस गोल आहेत, मी मोजलेत,
एक वाईनचा लाल, तसाच मुरलेला,
आणि खाली बाळाच्या टाचेएवढा एक खळगा.
रोसामेलनं ब्रश भिजवला होता.
सासूबाईंनी त्याच्या हातातून काढून घेतला
आणि खुर्चीचे पाय रंगवत बसल्या.

दार फुगलंय. पुरतं लागत नाही,
बोटभर फट राहते, रात्री बंदरातले दिवे
तिच्यातून आत येतात.
ऑक्टोबरात बघू, असं रोसामेल म्हणतो.