वळणावरचं नाव

सकाळी सात पन्नासला
ड्रीमा केसिंगर गेलेल्यांची नावं वाचते.
आधी हवामान, मग खाणीतल्या पाळ्या,
शाळेच्या बसचा बदललेला रस्ता,
आणि मग ते,
ज्यांना आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही.

मी वर, डोंगरावर, ट्रान्समीटर सांभाळतो.
तिचा एकच आवाज माझ्याकडून दोनदा निघतो.
एक जुना, अंगावरच्या कपड्यांनिशी निघणारा.
दुसरा आकड्यांत चिरलेला, पुड्या बांधलेला,
पलीकडे पोचल्यावर पुन्हा जोडायच्या बोलीवर.
बांधाबांधीला आठ सेकंद लागतात.
तेवढा वेळ थोरल्याला मी दारात थांबवतो,
थांब रे, धाकटा आवरतोय.
मग दोघं जोडीनं डोंगर उतरतात
आणि गाडीतल्या माणसाला कळत नाही
आत्ता कोण बोललं.
कळू नये, याचाच मला पगार.

मार्चमध्ये ओलेटा मलिन्सचा फोन आला.
"वेंडेल, पुलापाशी, खिंडीत शिरताना
ड्रीमानं आमच्या बर्लचं नाव दोनदा घेतलं.
बर्ल. बर्ल.
मी परसातून अशीच हाक मारायची.
पहिली त्याला कधी ऐकूच जायची नाही."

फोन ठेवतो तोच दुसरा.
बर्लची बहीण, अर्डिथ.
त्याच खिंडीतून, त्याच मिनिटाला,
उलट्या बाजूनं बाहेर पडत होती.
तिनं ऐकलं: मलिन्स, वय एकाहत्तर.
"नाव कुठे सांडलं तुमचं?
एकाहत्तर वर्षं वापरलं होतं त्यानं."

खिंडीत आकडे पोचत नाहीत.
रेडिओ मुकाट थोरल्याचा हात धरतो,
उजेडात आला की सोडतो.
आणि थोरला
पाऊण सेकंद मागे पडला होता.
दोन यंत्रं, दोन स्फटिक,
त्यातला एक किंचित आळशी.
सगळा हिवाळा, रोज चिमूटभर.

फोर्डच्या डॅशबोर्डवर लॅपटॉप टेकवून
ती खिंड मी सतरा वेळा ओलांडली.
पडद्यावर दोन रेघा,
एक दुसरीची सावली,
सावली जरा सरकलेली.
मोजली: तेहतीस हजार पंच्याहत्तर नमुने.
एका माणसाचं एकदा जास्त असणं
आणि एकदा नसणं
याहून बारीक मला मोजता येत नाही.

पहिल्या दिवशी जुळवलं, तर
पुलाजवळ आवाजच खचला.
एक तार उलटी लागली होती.
दोघं इतके नेमके समोरासमोर आले
की एकमेकांना गिळून बसले.
तार फिरवली. कॉफी प्यालो.
अठराव्या फेरीत ड्रीमा मक्याचा भाव सांगत
खिंडीत शिरली आणि बाहेर आली,
कुठेही न अडखळता.

ओलेटाला कळवलं: दुरुस्त झालंय.
"म्हणजे आता सगळं एकदाच?"
"एकदाच."
पलीकडे फ्रिजची घरघर ऐकू येत होती.
"बरं," म्हणाली. "बरंच झालं."

वर्ष झालं.
स्मरणाची ओळ छापायला पेपर आता उरला नाही,
म्हणून तिनं रेडिओवर बारा डॉलर भरले.
ड्रीमानं मला यादी दाखवली.
गुरुवार, सात पन्नास, तिसरं नाव.

त्या गुरुवारी लॉगमध्ये काहीच नोंद नाही.
विलंब: नेहमीचा. हवा: कोरडी.
वरून पूल नखाएवढा दिसतो,
त्यावर एक निळी गाडी
चालत्या माणसाइतकी हळू चालली होती.

अर्डिथ त्या दिवशी ओहायोत होती, मुलाकडे,
आमच्या लहरींच्या बाहेर.
ते मी आदल्या रात्रीच
विचारून घेतलं होतं.