कड

महापे, एमआयडीसी, तिसरा मजला, रात्रपाळी.
खिडक्यांना काळा कागद, कारण
बाहेरच्या उजेडात रंग खोटं बोलतात.
मला आलाय शॉट एकशे बारा:
एक बाई धावते आहे.
एकशे शहाण्णव फ्रेम.
सोमवार सकाळपर्यंत तिला मागच्यातून सोडवायची.

कुठून धावतेय, कुणापासून,
ते आम्हाला सांगत नाहीत.
मागे पेट्रोल पंप आहे. निळ्या सदऱ्यातला एक माणूस
फ्रेम एकेचाळीसला मान वळवून तिच्याकडे बघतो.
त्याचं कुणाला काही नाही.
तो जाणारच आहे.

धड सोपं. हाताला वेगळा आकार,
कोपराखाली आणखी एक.
लिजो म्हणतो, खाटकासारखे सांधे बघ,
अख्खा माणूस एका रेघेत कोंबलास
तर दहाव्या फ्रेमला कड उकळायला लागेल.
खरंच उकळते. दुधासारखी, काठाकाठानं.

पाय जोरात हलतो तेव्हा
थोडा पाय असतो, थोडा रस्ता,
आणि केसांना तर कडच नसते.
वाऱ्यावर गेलेल्या एका बटेत
बाई किती आणि आकाश किती
हे ठरवायला मी बसलेय, पगारावर.

हिरव्या पडद्यापुढचं काम सोपं, असं लोकांना वाटतं.
पडदा जातो, हिरवा राहतो:
हनुवटीखाली, कानाच्या पाळीला,
पांढऱ्या बाहीच्या शिवणीत.
सांडलेला रंग म्हणतो आम्ही त्याला.
पुसायचा, पण बेतानं.
फार पुसला की माणूस आजारी दिसतो.

सकाळी सहाला गोठिवलीत उतरते.
बापूस दुधाला निघालेला असतो.
पेव्हर ब्लॉकवरून सरळ येतो
आणि टॉवरच्या गेटपुढे, जिथे काहीच नाही,
तिथे उजवीकडून वळसा घेतो.
रोज. तेवढाच.
एकदा विचारलं, तर म्हणाला, बाव होती ना.
बाव बुजवली तेव्हा मी दुसरीत होते.
पुढे गटारापाशी पाऊल जरा उचलून टाकतो.
वॉचमनला वाटतं, गुडघा धरलाय.
तिथे बांध होता.

पार्श्वभूमी. शब्दातच जमीन आहे.
आणि संपादन हा शब्द आमच्या घरात
माझ्या नोकरीच्या कितीतरी आधी आला,
पिवळ्या नोटिशीवर, शिक्क्यासकट.
ज्यांनी केलं त्यांचा हात साफ होता, मानलं पाहिजे.
मागचं सगळं गेलं, सेक्टर नंबर आले,
हिराजी म्हात्रे जागच्या जागी,
कुठे फाटला नाही, कुठे उकळला नाही.
फक्त तो कडेला थोडा हिरवा आहे.
पुसायला कुणी बसलं नाही.

एक फोटो आहे. मी त्याच्या कडेवर,
मागे भात, आमचंच.
रविवारी घरच्या मशीनवर उघडला,
म्हटलं, हात बसलाय तोवर
बापसाला जरा सोडवून बघू.
चारशे टक्के मोठा केला.
माझी मांडी कुठे संपते
आणि त्याची कंबर कुठे लागते, सापडेना.
भात तर त्याच्या दंडाच्या केसांतून
आरपार दिसत होता.
बंद केला. सेव्ह करू का विचारलं मशीननं.
नको म्हटलं.

सोमवारी शॉट दिला. दुपारी परत आला:
डाव्या खांद्याशी मागचं थोडं राहिलंय, फ्रेम एकेचाळीस.
बघितलं. चार पिक्सेल. निळे.
पुसले.
बाईकडे आता कुणी बघत नाही.

पुढचा शॉट एकशे तेरा.
कुत्रा. लांब केसांचा.
अंग झाडतोय.