प्रति अर्धा सेंटिमीटर

रात्री साडेनऊला मी लॉग इन करते तेव्हा
पलीकडच्या ट्रेलरमध्ये वर्डीची कुत्री भुंकत असते
आणि खाडीवरून डिझेलचा वास येतो.
पहिली फाइल: बुआखम राथाना, वय एकावन्न,
कालवं फोडण्याचं काम, बायू ला बॅट्री, अलाबामा.
सुरी निसटली.
सुरी निसटण्यालाही कोड असतो,
तो मला माझ्या भावाच्या फोन नंबरपेक्षा पक्का पाठ आहे.

डॉक्टर ऑगल्ट्री मोजकं लिहितात.
डाव्या तर्जनीची नस, अंगठ्याकडची बाजू, पूर्ण तुटलेली.
मधलं अंतर बारा मिलिमीटर.
टोकं ओढून जुळत नाहीत.
नळी बसवली, दोन सेंटिमीटर,
केसाहून बारीक धाग्याचे चार टाके.

नळी म्हणजे गायीच्या टाचेतलं कोलॅजेन,
धुऊन, वाळवून, शेवईएवढं केलेलं.
आत काही नसतं.
नस वाट काढेल तेवढी मोकळी जागा
आम्ही विकत घेतो
प्रति अर्धा सेंटिमीटर.
चार युनिट.
मी चार लिहिते.

आमच्याकडे दहाही बोटांना खुणा आहेत.
एफ एक, एफ दोन, अशा नऊपर्यंत.
डाव्या अंगठ्याला मात्र आकडा पुरला नाही,
त्याला नुसतीच दोन अक्षरं.
पहिल्या वर्षी मी माझ्या बोटांवर पेनाने लिहून घ्यायचे
आणि गॅस स्टेशनवरची पोरगी विचारायची,
हे काय, कॉपी करतेस का परीक्षेत?

अठ्ठावीस दिवसांनी दावा परत आला.
कारण: बोट जुळत नाही.
कोणीतरी एफ सहा टाकलं होतं. उजवी तर्जनी.
कोणीतरी म्हणजे मी.
आणि तोवर बिल तिच्या घरी गेलेलं,
अकरा हजार चारशे डॉलर, निळ्या पाकिटात.

मला माहीत आहे हे कसं झालं.
वाचता वाचता मी तिला समोर बसवलं,
टेबलापलीकडे,
आणि तिने दोन्ही हात पुढे केले.
समोरच्या माणसाचा डावा हात
आपल्या उजवीकडे पडतो.
म्हणून तर ग्रेचेन शिकवताना बजावायची,
माणूस डोळ्यांपुढे आणू नका, नोंद वाचा.

अपील लिहायला बसले.
कळफलकावर डावी तर्जनी एफवर टेकते.
त्या कळेवर एक बारीक उंचवटा असतो,
न बघता कळावं म्हणून.
वीस वर्षं मी त्याच्यावर बोट ठेवून पोट भरतेय,
आणि हे मला आज कळलं.

तिला तिथे कळत नसणार.
तव्यावर बोट टेकलं तरी कळ येत नसणार,
वास आल्यावर बघत असेल खाली.
नस दिवसाला एक मिलिमीटर सरकते म्हणतात,
फार झालं तर.
अपिलाला साठ दिवस लागतात.
या शर्यतीत मी कुणाच्या बाजूने आहे
ते माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नाही.

नोव्हेंबरात पैसे मंजूर झाले.
पंचाण्णव डॉलर तिच्या माथी राहिलेच,
का ते मी सांगू शकते, पण त्याला दोन पानं लागतील.

आता तिची पुढची भेट समोर आहे.
सातवं अक्षर ए चं डी करायचं:
पहिल्यांदा आलेली ती आता
उपचार चालू असलेली.
खाली डॉक्टरांचा एकच शेरा.
थंड ग्लास उचलताना बोटाच्या टोकाला मुंग्या.

मुंग्यांनाही कोड आहे.
पण मूळ दुखण्यातूनच आलेलं लक्षण
वेगळं लावायचं नाही, असा नियम.
मी लावत नाही.
बोट एफवर तसंच राहून जातं जरा वेळ,
आणि रिकाम्या रकान्यात
एफ उमटत जातात, एकामागून एक,
कुत्री भुंकायची थांबली आहे हे लक्षात येईपर्यंत.