निकालाचा दिवस, स्वान्सी

ऑगस्टातला गुरुवार, सकाळचे आठ.
बत्तीस टेबलं, बत्तीस हेडसेट,
आणि पांढऱ्या फळ्यावर उरलेल्या जागांचे आकडे,
मासळीच्या लिलावात लिहावेत तसे.
पलीकडून कुणी हो म्हणालं
की डिल्विन पितळी घंटा वाजवतो.
आम्ही टाळ्या वाजवतो. दुपारपर्यंत तळवे हुळहुळतात.

प्रशिक्षणात सांगितलं होतं:
नाव तीनदा घ्या. आवाजात हसू ठेवा.
शांतता चार सेकंदांपुढे जाऊ देऊ नका,
पाचव्याला मूल दुसरीकडे फोन लावतं.
याला जवळीक म्हणतात, असं स्लाइडवर होतं.

अकरा वाजून गेल्यावर येस्टिन प्रॉबर्ट.
ऱ्हिम्नीहून. दोन डी, एक ई.
पूल बांधायचे होते त्याला.
म्हटलं, येस्टिन, आमच्याकडे पायाभूत वर्ष आहे.
तो गप्प.
एक, दोन, तीन,
मी वसतिगृहाची हमी दिली.
तो गप्प.
खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाले.
दिसतो, पण पाच-सहा खोल्यांतून.
बाकीच्यांना गाड्यांचा तळ.
मग जिम सांगितली, मग उज्ज्वल भवितव्य.
दर वाक्यामागे तो तसाच थांबायचा
आणि त्या थांब्यात मी कोंबत गेले
सुटणाऱ्या गाडीत पिशव्या फेकाव्यात तसं काहीबाही.

शेवटी घसा सुकला म्हणून थांबले.
त्यात माझा काही मोठेपणा नाही.
घोट घेताना ऐकू आलं:
बाहीची सळसळ,
तळहातावर तळहात,
घड्याळाचा पट्टा टेबलाच्या कडेला लागल्याचं टक्.

तिथे कुणी आहे का?

"आई. तिला ऐकू येत नाही.
तुमचं बोलणं मी हातांनी सांगतोय तिला.
तुम्ही जरा भरभर बोलता.
समुद्र सांगून झाला.
हमीपाशी ती अडलीय.
विचारते, नेमकी कशाची?"

मी खुर्ची भिंतीकडे वळवली.
फळा पाठीशी गेला.
मग एक वाक्य, आणि हात थांबेस्तोवर वाट.
एक वाक्य, आणि वाट.
उज्ज्वल हा शब्द मी परत घेतला,
त्याला धरायला कुठे कड नव्हती.

सांगितलं: हमी फक्त खोलीची. पहिल्या वर्षापुरती.
सांगितलं: हेच पायाभूत वर्ष तुमच्या जवळच्या कॉलेजातही आहे,
बसने चाळीस मिनिटं, फी निम्म्याहून कमी.
ते करून आमच्याकडे ये.
किंवा नको येऊस.
आज हो म्हणायलाच हवं असं काही नाही.

आता पलीकडे बरंच चाललं होतं.
सळसळ, टक्, सळसळ.
एकोणीसपर्यंत मोजलं, पुढे मोजणं सोडलं.
मागे घंटा दोनदा वाजली.
आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं भांडण ऐकलं
ज्यात एकही शब्द नव्हता,
आणि तरी कोण माघार घेतंय ते कळत होतं.

"आई विचारते, तुमचं नाव काय?"

सकाळपासून लोकांची नावं तीन-तीनदा घेत होते.
माझं कुणी विचारलं नव्हतं.
मेरेरिद, म्हटलं.
त्याने सात अक्षरं बोटांवर लावली असणार,
कारण मग हसला.
"लांब आहे म्हणते. तिने तुम्हाला छोटं दिलंय,
खुणेचं."
कसं आहे?
"फोनवर कसं दाखवू?"

नोंदवहीत: सव्वीस मिनिटं. निष्पत्ती, शून्य.
डिल्विन काही बोलला नाही,
नुसतं घंटेवरचं बोटांचं डाग पुसत राहिला.

सप्टेंबर गेला. यादीत प्रॉबर्ट होते दोन,
येस्टिन नव्हता.
कधी दात घासताना आरशासमोर
उगाच हात वर नेते:
कानाशी? ओठांशी?
की बडबडीची असते ती,
अंगठ्यावर आपटणारी चार बोटं?

तेही चालेल.