सगुणला, बांबोळीला जाण्याआधी

हाफ पँट घालून जा, सगुण.
लांब पँट गुडघ्यावर चढत नाही,
आणि पडद्यामागे एका पायावर ती काढताना
मी नर्सच्या अंगावर पडलो होतो.
गोळ्यांची रिकामी पाकिटं घे. ऐन वेळी नावं आठवत नाहीत.

डॉक्टर लविनिया आधी नुसतं चालायला सांगेल,
दारापर्यंत आणि परत.
नाटक नको करू. पण साहेब बोटीवर आल्यावर
आपण छाती काढून चालतो, तसंही नको.
मी तसा चाललो. तिने लिहिलं: चाल ठीक.
ते दोन शब्द खोडायला मला सहा महिने लागले.

मग झोपवेल. वाटीवर तळहात ठेवून
पाय दुमडेल, सरळ करेल,
आणि येईल तो आवाज,
रायबंदरच्या धक्क्यावर बोटीची फळी उतरताना
बिजागरीत वाळू अडकल्याचा.
तीस वर्षं मी समजत होतो, बोट वाजते.

कितलें दुखता, विचारेल. एक ते दहा.
मी म्हटलं, भरतीला चार, ओहोटीला आठ.
तिने पेन खाली ठेवला.
मी सांगितलं, ओहोटीला फळीचा उतार कसा उभा होतो,
स्कूटरवाल्या बायांना मागून कसं ढकलावं लागतं.
तिने सगळं ऐकलं.
फॉर्मवर समुद्राला रकाना नव्हता.
सहा लिहिलं.

जिने किती चढता, हेही आहे त्यात.
आपल्या चोडणच्या घराला दोन पायऱ्या.
तू उड्या सांग.
दोर हातात, बोट टेकायच्या आधी, डावा पाय पुढे,
दिवसाला चाळीस.
कोणी विचारणार नाही, म्हणून तूच सांग.

फोटो उभ्यानेच काढतात. अंगाचा भार पडला पाहिजे म्हणे.
नंतर उजेडावर धरून तिने दाखवलं:
हाडाला हाड लागलेलं,
मधला टायर झिजून गेलेली बोट
धक्क्याला घासते, तसं.
ऑपरेशनचं लगेच काही बोलत नाही.
आधी व्यायाम, वजन, मांडी घालून बसणं बंद.
जेवायला मी आता खुर्चीवर, घरातले खाली.
पहिल्या दिवशी घास उतरला नाही. नंतर उतरतो.

तीनच्या आत सुटलास तर चारची बोट मिळेल.
मी धक्क्यावर असेन, बाकड्यावर.
आणि सगुण, परतताना तू प्रवासी आहेस.
बोट टेकू दे.